मूल आळशी नाही, पोट तुंबलंय

पाच-सहा वर्षांचं, संडासची सवय नीट लागलेलं मूल पुन्हा चड्डीत शी करू लागलं की घरात दोनच तर्क निघतात. पोट बिघडलंय, नाहीतर पोरगं आळशी झालंय. पहिल्या तर्कावर दहीभात आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं, दुसऱ्यावर धपाटा. बहुतेक वेळा दोन्ही तर्क चुकलेले असतात. मुलाला जुलाब होत नसतात. उलट कित्येक आठवड्यांपासून त्याची शी आत तुंबलेली असते, आणि त्या घट्ट शीच्या कडेने जे पातळ झिरपतं तेच चड्डीत दिसतं. एवढं एक लक्षात आलं तरी पुढचा सगळा उपचार बदलतो, आणि मुलाशी बोलण्याचा सूरही.

अहिल्यानगर जिल्ह्यातले आईबाप, आजी-आजोबा, अंगणवाडी ताई आणि शिक्षक यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. इथलं पाणी, इथलं दूध, इथल्या शाळा आणि इथला ऊसतोडीचा हंगाम, या सगळ्यांचा या तक्रारीशी संबंध येतो.

पोटात नेमकं काय होतं

मोठं आतडं अन्नातलं पाणी शोषून घेतं. उरलेला मळ शेवटच्या भागात, म्हणजे गुदाशयात, उतरला की तिथली भिंत ताणली जाते आणि कळ येते. निरोगी मूल तेव्हा संडासला जातं आणि विषय संपतो.

बिघाडाची सुरुवात बहुधा एका दुखऱ्या शीने होते. ताप येऊन गेलेला असतो, उन्हाळ्यात पाणी कमी पडलेलं असतं, आईचं दूध सुटून वरचं दूध सुरू झालेलं असतं, किंवा शाळा नुकतीच सुरू झालेली असते. खडा बाहेर पडताना गुदद्वाराला चीर पडते, कधी थेंबभर रक्तही दिसतं. ती वेदना मूल विसरत नाही. पुढची कळ आली की ते अंग आवळून शी आत धरतं. आत राहिलेल्या शीतलं पाणी आतडं आणखी शोषतं, खडा आणखी मोठा आणि टणक होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं आणि मूल आणखी जोराने धरतं.

असं काही महिने चाललं की गुदाशय ताणला जातो. चड्डीचं इलॅस्टिक ताणून ताणून सैल पडतं, तशी त्याची भिंत सैल पडते आणि कळ देण्याची तिची ताकद जाते. आत मोठा गोळा बसलेला असतो आणि मुलाला त्याची जाणीवच नसते. वरून उतरणारी पातळ शी गोळ्याला वळसा घालून झिरपते. मूल म्हणतं, "मला कळलंच नाही." ते खरं बोलत असतं. वास येत नाही असं म्हणतं तेही खरं असतं, कारण सततच्या वासाची त्याच्या नाकाला सवय झालेली असते. अशा मुलाला जुलाब थांबवायचं औषध दिलं तर गोळा आणखी पक्का होतो.

जुनाट बद्धकोष्ठाच्या सुमारे ९५ टक्के मुलांत आतडं, नसा किंवा ग्रंथी यांचा कुठलाही आजार सापडत नाही. दुष्टचक्र हाच आजार असतो. उरलेल्या थोड्या मुलांबद्दल पुढे लिहिलं आहे.

कुंथणं आणि धरणं

पालकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मूल दाराआड किंवा पलंगामागे जाऊन उभं राहतं, पाय एकमेकांवर आवळतं, चवड्यांवर चढतं, चेहरा लाल होतो, घाम येतो. घरचे म्हणतात, "बिचारा किती कुंथतोय, पण होत नाही." प्रत्यक्षात ते मूल शी बाहेर ढकलत नसतं, आत दाबत असतं. कुंथणारं मूल उकिडवं बसतं किंवा पुढे वाकतं. ताठ उभं राहून नितंब आवळणारं मूल शी धरतंय असं समजावं.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या रोम निकषांनुसार पुढच्यापैकी किमान दोन गोष्टी महिनाभर दिसल्या तर बद्धकोष्ठ म्हणतात. आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शी, सवय लागल्यावरही आठवड्यातून एकदा तरी चड्डीत होणं, शी धरून ठेवणं, दुखरी किंवा टणक शी, गुदाशयात मोठा गोळा, आणि संडासचं भांडं तुंबवील एवढी जाड शी. रोज शी होते म्हणून हा त्रास नाही, असं मात्र समजू नका. काही मुलं रोज थोडीथोडी करतात आणि आतला साठा तसाच राहतो.

शीचं वर्णन डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये सात चित्रांचा तक्ता मांडला. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे हा पहिला प्रकार, निव्वळ पाणी हा सातवा. तिसरा-चौथा प्रकार, म्हणजे केळ्यासारखी मऊ आणि सलग शी, हवी. आता सोपा मार्ग आहेच. मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लघवीकडेही लक्ष ठेवा. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब टाकतो. त्यामुळे रात्री अंथरूण ओलं होणं, दिवसा घाई लागणं, मुलींना वारंवार लघवीचा संसर्ग होणं या तक्रारी सोबत येतात. कॅनडात मॉन्ट्रियलचे मूत्रपिंडतज्ज्ञ शॉन ओ'रेगन यांनी १९८०च्या दशकात हा संबंध तपासून मांडला होता. तरीही आपल्याकडे अंथरुणात शू करणाऱ्या मुलाच्या पोटाची चौकशी क्वचितच होते.

आपल्या जिल्ह्यात भर कशाने पडते

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, आणि दूध उत्पादनात राज्यात आघाडीवर. घरात गाय असली की मुलाला दूध मुबलक मिळतं, आणि ते मिळावंच. पण जेवायला नको म्हणणाऱ्या मुलाला दर वेळी दुधाचा पेला पुढे केला की पोट दुधाने भरतं आणि भाकरी-भाजीला जागा उरत नाही. दुधात तंतू अजिबात नसतात. दिवसाला अर्धा लिटर ही वरची मर्यादा धरावी. सकाळच्या चहा-बिस्किटांचंही तसंच आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडची कित्येक गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. घरातलं पाणी मोजून वापरायचं असलं की संडासला किती वेळा जायचं याचंही मोजमाप नकळत होतं, आणि मूल ते शिकतं.

तिसरी गोष्ट शाळेच्या संडासची. दाराला कडी नाही, आत पाणी नाही, अंधार आहे, किंवा मोठी मुलं बाहेरून दार वाजवतात. अशा ठिकाणी सात वर्षांची मुलगी जाणार नाही. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं धरून ठेवते. तहान लागली तरी पाणी पीत नाही, कारण प्यायलं की जावं लागेल.

आधी साठा रिकामा करायचा

"भाज्या खाऊ घाला, पाणी पाजा, होईल ठीक" हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण गोळा आत बसलेला असेल तर तो अपुरा पडतो. किंबहुना भरलेल्या आतड्यावर नुसता कोंडा आणि तंतू ढकलले तर पोटदुखी वाढते. पहिलं काम साठा काढण्याचं.

भारतीय बालरोग पोटविकारतज्ज्ञांनी २०१८ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भारतीय आणि युरोपीय दोन्ही सूचनांत पहिली पसंती पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पावडरीला आहे. ही पावडर शरीरात जवळजवळ शोषली जात नाही. ती पाणी धरून ठेवते, ते पाणी शीत उतरतं आणि खडा मऊ होतो. साठा काढताना दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम, असं ३ ते ६ दिवस द्यायची पद्धत आहे. म्हणजे २० किलोच्या मुलाला रोज २० ते ३० ग्रॅम. हा आकडा इथे मुद्दाम दिला. मात्रा ऐकून आई घाबरते, अर्धीच देते, आणि औषध लागू पडलं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात किती द्यायचं ते मूल तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं.

हे दिवस शाळेच्या सुटीत काढलेले बरे. या काळात चड्डी जास्त खराब होणार, पोटात मुरडा येणार, आधी खडे आणि मग पाण्यासारखी शी होणार. ते अपेक्षितच आहे. मुलाला आधीच सांगून ठेवावं, की आतला जुना साठा निघतोय, त्यामुळे असं होईल आणि त्याबद्दल कुणी रागावणार नाही.

एनिमाने, म्हणजे पिचकारीने, साठा निघतो, पण तोंडाने घ्यायच्या औषधानेही तो तितकाच निघतो. आधीच गुदद्वाराला हात लावू न देणाऱ्या मुलाला पिचकारी ही नवी भीती. तोंडाचं औषध घेताच येत नसेल तरच तिचा विचार होतो. साबणाची कांडी घालण्याची जुनी रीत मात्र पूर्ण सोडून द्यावी. साबणाने आतलं नाजूक अस्तर भाजल्यासारखं होतं. एरंडेलाचा दर रविवारी डोस हाही उपाय नव्हे. एक दिवस जोरदार जुलाब होतो आणि उरलेले सहा दिवस शी पुन्हा धरली जाते.

मग महिनोन्‌महिने औषध

बहुतेकांचा उपचार इथे फसतो. आठ दिवसांत शी मऊ होते, घर सुटकेचा श्वास टाकतं आणि औषध बंद होतं. महिन्याभरात सगळं पुन्हा सुरू. कारण सैल पडलेला गुदाशय पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात, आणि दुखण्याची भीती जायलाही तेवढेच. म्हणून रोज एक मऊ शी होईल इतक्या मात्रेत औषध चालू ठेवायचं. भारतीय तज्ज्ञ साधारण सहा महिने सगळं सुरळीत गेल्यावरच मात्रा उतरवायला सांगतात, आणि तीही हळूहळू. एकदम बंद कधीच नाही.

"सवय लागेल" ही भीती मनातून काढून टाका. पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोजमुळे आतडं आळशी होत नाही. तुंबलेल्या शीमुळे होतं. एक वर्षाखालच्या बाळांना लॅक्टुलोज देतात, त्याने गॅस थोडा होतो. फक्त अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी न करताही मजेत असेल आणि शी मऊ असेल, तर त्याला गुटी, एरंडेल, काहीच देऊ नये.

पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवाव्या लागलेल्या मुलांपैकी साधारण निम्मी सहा ते बारा महिन्यांत औषधाविना ठीक होतात. बाकीच्यांना जास्त वेळ लागतो. अधूनमधून त्रास उलटतो. उलटला की लगेच मात्रा वाढवून साठा काढायचा आणि पुढे चालायचं. त्याला अपयश मानू नये.

बसण्याची वेळ आणि बसण्याची रीत

जेवण झालं की आतडी हलू लागतात. ही निसर्गाची सोय वापरायची. नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर मुलाने पाच ते दहा मिनिटं संडासला बसायचं, कळ असो वा नसो. सकाळी शाळेची घाई असेल तर अर्धा तास लवकर उठवा.

उकिडवं बसायचं आपलं भारतीय भांडं या कामाला उत्तम. पण लहान पावलांना दोन पायऱ्यांमधलं अंतर फार रुंद पडतं आणि मुलाला आत पडायची भीती वाटते. पावलं पुरेशी मोठी होईपर्यंत छोटी पॉटी वापरावी. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल हवं, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. लोंबकळत्या पायांनी शी नीट होत नाही. संडासात दिवा असावा, हवं तर दार किलकिलं ठेवावं. फुगा फुगवायला दिला तर पोटावर योग्य दाब आपोआप येतो.

कौतुक बसल्याचं करायचं, शी झाल्याचं नाही. बसणं मुलाच्या हातात आहे, शी होणं नाही. दुधाचा हिशोब लिहायच्या त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खुणा करा. बसला की मुलाने स्वतः टिकली लावायची, शी झाली की आईने प्रकाराचा आकडा लिहायचा, डाग लागला तर एक फुली. डॉक्टरांना हे पान दाखवलं की अर्धं निदान तिथेच होतं. बक्षीस काढून घेणं, भावंडांसमोर चड्डी दाखवणं, धुवायला लावून लाजवणं, यातलं काहीही करू नये. कपाटामागे दडवलेली चड्डी सापडली तर समजा, की मूल तुम्हाला घाबरलंय.

स्वमग्न मुलांमध्ये हा त्रास जास्त आढळतो. त्यांच्या बाबतीत वेळ, जागा आणि क्रम रोज एकच ठेवला तर फार फरक पडतो.

ताटात काय असावं

साठा निघाल्यावर अन्नाचं महत्त्व येतं. मुलाच्या वयात पाच मिळवले की रोज लागणाऱ्या तंतूंचे किमान ग्रॅम मिळतात, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला ११. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत १०, पेरूत ८ च्या वर, आणि मैद्यात ३ च्याही खाली. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर बाजरीच्या दोन छोट्या भाकऱ्यांतच हिशोब जवळपास पुरा होतो. राहात्याचा पेरू बियांसकट, मेथी, शेवग्याच्या शेंगा, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, सगळं इथलंच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासारखी गावरान बियाणी जपली आणि त्याबद्दल २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. परसात तो एक वेल लावला तरी मुलाच्या ताटात शेंग येते. इसबगोल लहान मुलांना स्वतःहून देऊ नका. पाणी कमी पडलं तर तो आतच घट्ट बसतो.

कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. कोपीला, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीला, संडास नसतो. आईबाप पहाटेच फडात जातात, मूल कोपीवर किंवा फडाच्या कडेला. चालू असलेला उपचार इथे हमखास तुटतो. निघण्याआधी डॉक्टरांना हंगामाची तारीख सांगा, पुरेसं औषध आणि मात्रा लिहिलेला कागद सोबत घ्या, कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पावडर कालवायला उकळून गार केलेलं पाणी वापरा. कोपीमागे आडोसा बांधून मुलाची एक ठरलेली जागा करून द्या. कारखाना परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही हाच कागद दाखवता येतो.

शिक्षकांसाठी आणि गावासाठी

अशा मुलाला वर्गातून उठून जायला परवानगी विचारावी लागू नये. नुसती खूण पुरे. दप्तरात जादा चड्डी आणि प्लास्टिकची पिशवी असू द्या, कपडे बदलायला बाजूची खोली द्या, आणि वर्गासमोर नाव घेऊन काही बोलू नका. मुलांना वर्गातून मिळालेली टोपणनावं वर्षानुवर्षं चिकटतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलगे आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं बंधनकारक आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. कडी, पाणी आणि दिवा हे तीन विषय त्या बैठकीत लेखी मांडा. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीने पाण्याचं काम गावाने मिळून होतं हे दाखवलं आहे. शाळेच्या टाकीत रोज पाणी असणं त्या मानाने छोटं काम आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांनी घरोघर जाऊन आरोग्याच्या गोष्टी समजावल्या. संडास-शीच्या गोष्टीही अशाच ओळखीच्या बाईकडून ऐकल्या तर घरात उतरतात. आशाताईंनी हा विषय आपल्या भेटीत घ्यावा.

थांबू नका अशा खुणा

जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, त्रास पहिल्या महिन्यातच सुरू झाला असेल, पोट फुगून हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, पायांत अशक्तपणा असेल किंवा पाठीच्या खालच्या टोकाला खळगा वा केसांचा पुंजका असेल, तर आधी तपासणी. यात आतड्याच्या नसा जन्मतः नसण्याचा हिर्शस्प्रुंग आजार, थायरॉइडची कमतरता किंवा मणक्याचा दोष असू शकतो. हिर्शस्प्रुंग पाच हजार बाळांत एखाद्याला होतो आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे.

बाकीच्या मुलांसाठी सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. गरज पडली तर नगरचं जिल्हा रुग्णालय, लोणीचं प्रवरा रुग्णालय किंवा विळद घाटातलं विखे पाटील रुग्णालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी तुमच्या मुलाची तक्रार तोंडाने सांगा, चिठ्ठी लिहून द्या, पण सांगा.